‘नो मॉड्यूल नेम्ड सीव्ही२’ : या चुका टाळा

पायथनमध्ये फोटो-व्हिडिओवर काम करणारी ओपनसीव्ही लायब्ररी कोडमध्ये सीव्ही२ या नावाने येते. ती सापडली नाही की हा मेसेज येतो. तो दिसला रे दिसला की बहुतेकांचा हात थेट पिप इन्स्टॉलकडे जातो; पिप म्हणजे पायथनच्या लायब्ररी टाकणारं साधन. मेसेज वाचायला दहा सेकंदसुद्धा द्यायची तयारी नसते. लायब्ररी मशीनवर नाही, असं तो म्हणतच नाही. आत्ता जो पायथन चालतोय, त्याला ती त्याच्या फोल्डरांत सापडली नाही, इतकंच तो सांगतो.

पिप एका पायथनचा, स्क्रिप्ट दुसऱ्याची

एका लॅपटॉपवर तीन-तीन पायथन असणं आता नेहमीचंच झालंय : सिस्टिमचा, अ‍ॅनाकोंडाचा आणि प्रोजेक्टच्या व्हेन्व्हमधला, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथन-वातावरणातला. टर्मिनलमधल्या पिपने लायब्ररी पहिल्यात टाकली आणि व्हीएस कोड तिसरा चालवत असेल, तर शंभरदा इन्स्टॉल करूनही एरर हलणार नाही. म्हणून आधी स्क्रिप्टच्या पहिल्या दोन ओळींत सिस इम्पोर्ट करून सिस.एक्झिक्युटेबल प्रिंट करा. जो पत्ता येईल तोच पायथन घेऊन ‘-एम पिप इन्स्टॉल ओपनसीव्ही-पायथन’ अशी कमांड द्या. नुसतं ‘पिप’ लिहायची सवय मोडलेली बरी. ज्युपिटर नोटबुकमध्ये उद्गारचिन्हवाला पिप नको, टक्केवारीच्या खुणेचा पिप वापरा. तो नोटबुकमागे चालू असलेल्या कर्नलच्याच पायथनमध्ये इन्स्टॉल करतो.

उबुंटू २३.०४ किंवा डेबियन १२ पासून पुढे सिस्टिमचा पायथन ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून पिपला दारातच अडवतो. त्यावर ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा फ्लॅग लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. फ्लॅगच्या नावातच काय होणार ते लिहिलंय. व्हेन्व्ह करायला एक ओळ लागते, ती लिहा.

इम्पोर्टचं नाव पिपला देणं

पिपकडे ओपनसीव्ही-पायथन, कोडमध्ये सीव्ही२. पिपकडे पिलो, कोडमध्ये पीआयएल. पिपकडे सायकिट-इमेज, कोडमध्ये एसकेइमेज. मूळ पीआयएलची शेवटची आवृत्ती १.१.७, ती २००९ची. पिलो हा तिचाच फोर्क, म्हणजे तिच्याच कोडवरून पुढे नेलेली लायब्ररी, त्यामुळे इम्पोर्टचं नाव जुनंच राहिलं. नुसतं ‘इम्पोर्ट इमेज’ लिहिणारी ट्युटोरियल्स अजून फिरतात; ‘फ्रॉम पीआयएल इम्पोर्ट इमेज’ असंच लिहायचं.

स्वतःच्या फाइलला सीव्ही२.पीवाय नाव देणं

देऊ नका. पायथन आधी स्क्रिप्टच्याच फोल्डरात बघतो, तुमचीच फाइल उचलतो आणि ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ म्हणून तक्रार करतो.

दोन ओपनसीव्ही एकाच घरात

या चुकीत लोकांचे दिवसच्या दिवस जातात. पिपवर ओपनसीव्हीची चार पॅकेजेस आहेत : साधं, कॉन्ट्रिब (जादा मॉड्यूल्सचं), हेडलेस (खिडकी न उघडणारं) आणि कॉन्ट्रिब-हेडलेस. चौघांचं फोल्डर एकच, सीव्ही२. एका एन्व्हायर्नमेंटमध्ये यांपैकी एकच असायला हवं.

बिघाड ठरलेल्या क्रमाने होतो. साधं ओपनसीव्ही नीट चाललेलं असतं. मग ऑग्मेंटेशनसाठी, म्हणजे चित्रांत फेरफार करून डेटा वाढवण्यासाठी, एखादी लायब्ररी येते आणि सोबत हेडलेस घेऊन येते. हेडलेसच्या फाइल्स आधीच्या फाइल्सवर बसतात, चित्र खिडकीत दाखवणारं आयएमशो बंद पडतं आणि ‘रीबिल्ड द लायब्ररी’ असा दम मिळतो. कुणीतरी शहाणपणाने हेडलेस अनइन्स्टॉल करतं. पिप हेडलेसच्या नावावरच्या सगळ्या फाइल्स पुसतो, म्हणजे दोघांच्या सामाईक फाइल्सही गेल्या. आता पिप लिस्टमध्ये ओपनसीव्ही-पायथन ठणठणीत दिसतं, पुन्हा इन्स्टॉल करायला गेलं तर ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’, आणि कोड म्हणतो मॉड्यूलच नाही. कधीकधी तर मागे उरलेल्या फोल्डरामुळे इम्पोर्ट बिनबोभाट होतं आणि चित्र वाचणारं आयएमरीड सापडत नाही. हे जास्त वाईट, कारण मग लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. अशा वेळी सीव्ही२ची फाइल कुठे आहे ते प्रिंट करा. पत्त्याऐवजी ‘नन’ आलं, तर आत पोकळ फोल्डर आहे.

उपाय : चारही पॅकेजेस एकाच कमांडमध्ये अनइन्स्टॉल करा, साइट-पॅकेजेसमध्ये (लायब्ररी जिथे बसतात त्या फोल्डरात) सीव्ही२ फोल्डर उरलं असेल तर हाताने उडवा, मग हवं ते एकच टाका. ऑग्मेंटेशनची लायब्ररी ‘नो-डेप्स’ लावून, म्हणजे सोबतच्या लायब्ररींशिवाय, घ्या आणि तिची बाकीची गरज स्वतः भागवा. पिप चेक कुरकुर करेल, करू द्या.

डॉकरमध्ये लिबजीएल

डॉकरच्या स्लिम इमेजमध्ये (इथे इमेज म्हणजे चित्र नव्हे, कमीत कमी सामानाची तयार सिस्टिम) ‘लिबजीएल.एसओ.१’ सापडत नाही असं आलं, तर मॉड्यूल जागेवर आहे, सिस्टिमची लायब्ररी नाही. सर्व्हरवर खिडकी कोण उघडणार आहे? हेडलेस घ्या. साधंच हवं असेल तर ॲप्टने लिबजीएल१ टाका. जुन्या उत्तरांतलं ‘लिबजीएल१-मेसा-जीएलएक्स’ उबुंटू २४.०४ मध्ये मिळतच नाही.

आवृत्त्यांचे खटके

‘नमपाय.कोअर.मल्टीअ‍ॅरे फेल्ड टू इम्पोर्ट’ : आकडेमोडीची लायब्ररी नमपाय; २०२४ मध्ये आलेल्या तिच्या आवृत्ती २ शी जुन्या ओपनसीव्हीचं जमत नाही. ओपनसीव्ही वर न्या. तेवढं शक्य नसेल तर नमपाय २ च्या खाली ठेवा.

‘पिलो_व्हर्जन’ इम्पोर्ट होत नाही : पायटॉर्चसोबत वापरल्या जाणाऱ्या टॉर्चव्हिजन लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांची खोड. टॉर्चव्हिजन वाढवा, पिलो मागे खेचू नका.

दोन चित्रांचं साम्य मोजणारं कम्पेअर_एसएसआयएम सापडत नाही : सायकिट-इमेज ०.१८ पासून गेलं. मेट्रिक्समधलं स्ट्रक्चरल_सिमिलॅरिटी वापरा.

एक्सफीचर्स२डी नाही : ते कॉन्ट्रिबमध्ये असतं. फक्त सिफ्टसाठी (चित्रातले ठळक बिंदू शोधणाऱ्या पद्धतीसाठी) हवं असेल तर सोडून द्या; पेटंट संपल्यावर ४.४.० पासून सिफ्ट मुख्य पॅकेजातच आहे.