कॅन्सर वॉर्डात मुलांशी खेळताना या चुका टाळा

"चल, खेळायला जाऊ" असं सांगून मुलाला सुई टोचायच्या खोलीत नेऊ नका. इंटर्नशिपला आलेली पोरं दरवर्षी हेच करतात. मूल रडत नाही, सिस्टर खूश, काम पटकन उरकतं.

खेळातून मुलांचे हातपाय पुन्हा चालते करणं हे माझं काम, पण ही चूक मीही केली आहे. ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा, सहा वर्षांचा मुलगा होता. पाठीच्या मणक्यातून औषध द्यायचं होतं आणि मी लाल गाडी दाखवत त्याला त्या दारापर्यंत नेलं. पुढचे तीन आठवडे माझी खेळण्यांची पिशवी दिसली की तो चादर डोक्यावर ओढून घ्यायचा. विनक्रिस्टिन या कॅन्सरवरच्या औषधाने त्याच्या हातांची पकड ढिली पडली होती, चालताना पाऊल घासत होतं. नेमकी तेव्हाच माझी गरज होती, आणि तो बोटाला हात लावू देईना. शेवटी मी पिशवी बाहेर ठेवून जायला लागले. त्याच्या आईबरोबर पलंगाशी बसून नुसते सागरगोटे खेळायचे. एक दिवस चादरीतून आवाज आला, "ताई, आज सुई आहे?" नव्हती. तसं सांगितलं, तेव्हा एक हात बाहेर आला.

आता सुई असेल तर सरळ सांगते: सुई आहे, दुखेल, मी जवळ थांबते, खेळ नंतर. आत गेल्यावर साबणाचे फुगे उडवून मन रमवणं वेगळं, कारण कशासाठी आलोय हे मुलाला ठाऊक असतं.

दुसरी चूक, खेळाचा व्यायाम करून टाकणं. "अजून पाच मणी ओव" म्हटलं की खेळ संपला. भातुकलीत चिमट्याने पोळी उलटताना तीच बोटं तेवढंच काम करतात, फक्त मोजायला कुणी बसलेलं नसतं. स्टिरॉइडच्या दिवसांत मुलं सतत भुकेली आणि चिडकी असतात, तेव्हा तर भातुकली तासभर रंगते. मुलीने बाहुलीला लागोपाठ सात इंजेक्शनं दिली तर "पुरे आता" म्हणू नका. बाहुली घट्ट धरा, तिने सांगितलंच तर बाहुलीच्या वतीने रडा. घाई असेल त्याने या वॉर्डात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिशवी उघडण्याआधी रक्ताचा रिपोर्ट बघा. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या खाली असतील तर माती आणि कुंड्या बंद. प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) 20,000 च्या खाली असतील तर उड्या, ढकलाढकली नाही. पुसता न येणारी कापडी बाहुली एकाच मुलाची. सलाइन कोणत्या हाताला आहे ते पाहून खेळ निवडा.

आणि मूल फार थकलं म्हणून खेळ काढून घेऊ नका. हात उचलत नसेल तर सोंगट्या मी हलवते, कुठली हलवायची ते मूल डोळ्यांनी दाखवतं. फक्त मुद्दाम हरू नका, त्यांना लगेच कळतं.