कंट्रोल कुठे ठेवला होता?

एमएस्सीच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या सरांनी माझा आलेख पाहिला, पान उलटलं आणि विचारलं, "कंट्रोल कुठे ठेवला होता?"

"इन्स्ट्रुमेंट रूममध्ये, सर."

"आणि बाकीच्या डिश?"

"व्हरांड्यात."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मला घाम फुटला तो त्या शांततेमुळे.

झालं होतं असं. सोलापुरात टॉवेल रंगवणाऱ्या डायहाउसचं सांडपाणी ज्वारीच्या उगवणीला काय करतं, हा माझा विषय. सांडपाण्याचं प्रमाण 25, 50, 75 आणि 100 टक्के, कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठीच्या गटाला, डिस्टिल्ड वॉटर. प्रत्येकी चार पेट्री डिश, डिशमध्ये ओला फिल्टर पेपर, त्यावर मालदांडी जातीच्या ज्वारीचे 25 दाणे. सांडपाण्याला वास मारायला लागला तसे लॅबचे मामा म्हणाले, "ताई, हे आधी बाहेर न्या." नेलं. कंट्रोलला वास नव्हता, तो आत एसीतच राहिला. फेब्रुवारीतलं सोलापूर म्हणजे दुपारी बाहेर चांगलंच ऊन. व्हरांड्यातली ज्वारी आधी उगवली, एसीतली गारठून बसली. मी लिहिलं: सांडपाण्यातल्या रंगामुळे उगवण लवकर होते. गाइड खूश, मी खूश.

स्वतंत्र चल (जे आपण बदलतो), अवलंबी चल (त्यामुळे जे बदलतं आणि आपण मोजतो) या व्याख्या तुम्हाला पाठ असणार, मलाही होत्या. घोळ 'कंट्रोल' या शब्दाशी होतो. आमच्या आजीला कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान; "कंट्रोलच्या ज्वारीवर कसला प्रयोग करतेस?" असं तिने खरंच विचारलं होतं. हसू नका, माझी समजही फार पुढे नव्हती. मला वाटायचं, कंट्रोल म्हणजे ज्याला आपण काहीच करत नाही तो. साफ चूक. कंट्रोललाही बाकीच्यांसारखंच सगळं करायचं असतं. तेच दाणे, तेवढेच मिलीलिटर पाणी, तीच जागा, तोच उजेड, मोजायची तीच वेळ. दाणे जंतू मारायला हायपोक्लोराइटने धुतले असतील तर कंट्रोलचेही धुवायचे. फरक फक्त एका गोष्टीचा, जिच्याबद्दल प्रश्न आहे तिचा. या सारख्या ठेवलेल्या गोष्टी म्हणजे नियंत्रित चल, आणि तो एक घटक सोडून बाकी सगळं मिळालेला गट म्हणजे कंट्रोल. दोन्हीकडे 'नियंत्रण' येतं म्हणून एकाच खणात टाकू नका.

जागेची चूक तरी दिसते. दुसरी मला घरी परतताना, सात रस्त्याला रिक्षात बसल्यावर सुचली. सांडपाणी मी बोअरच्या पाण्याने पातळ केलं होतं आणि कंट्रोल डिस्टिल्डचा. म्हणजे सांडपाण्याबरोबर पाणीही बदललं! ज्या पाण्याने पातळ करता, तेच नुसतं पाणी कंट्रोलला हवं. डिस्टिल्ड ठेवायचं तर जास्तीचा गट म्हणून ठेवा.

तिसरी चूक डायहाउसमधल्या कारागिराने दाखवली. "ताई, रंगापेक्षा मीठच जास्त पडतं त्यात." सुती धाग्यावर रिअॅक्टिव्ह रंग चढावा म्हणून मीठ घालतात आणि तो पक्का बसावा म्हणून सोडा. मी 'रंगाचा परिणाम' म्हणत होते, तो रंगाचा, मिठाचा की सोड्याचा? माझ्या मांडणीतून ते कळणं शक्यच नव्हतं.

इथे फ्रान्चेस्को रेडी या इटालियन वैद्याची आठवण येते. मांसात अळ्या आपोआप होतात की माशांमुळे, हा त्याचा प्रश्न. 1668 मध्ये त्याने मांस काही बरण्यांत उघडं ठेवलं, काही बरण्या बंद केल्या. बंद बरणीत अळ्या झाल्या नाहीत. पण झाकणाने माशाही अडतात आणि हवाही, मग कारण कोणतं? म्हणून त्याने काही बरण्यांवर जाळीचं कापड बांधलं. हवा आत, माशा बाहेर. आतल्या मांसावर अळ्या झाल्या नाहीतच. हा कापडाचा तुकडा आपल्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात याचा मला राग येतो. सगळी अक्कल तिथेच आहे.

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रोजेक्ट मिळतात. घेऊ नका. नैतिकता राहू द्या बाजूला. त्यात डिश कुठे ठेवल्या होत्या हे लिहिलेलं नसतं आणि परीक्षक नेमकं तेच विचारतो. गाइडबद्दल एवढंच, की निकाल छान आला म्हणून लगेच खूश होणाऱ्यापेक्षा कटकट करणारा परवडतो.

आणि घाबरूही नका. सुरू करण्याआधी एका कोऱ्या कागदावर दोन्ही गटांत काय काय वेगळं आहे ते लिहा. दोन गोष्टी निघाल्या तर थांबा. डिश कुठल्या जागी ठेवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, वासाला विचारून नाही. फार तर अर्धा तास जातो. माझं अख्खं सत्र गेलं.

मार्क गेले ते गेले. सुट्टीत मायक्रोबायॉलॉजीवाल्यांच्या हातापाया पडून इन्क्युबेटर मिळवला, 25 अंशांवर लावला आणि सगळं पुन्हा मांडलं. या वेळी एक गट नुसत्या मीठ-सोड्याच्या पाण्याचा, सांडपाण्याइतकाच खारट. दहाव्या दिवशी झाकणं काढली. थेंबभरही रंग नसलेल्या त्या डिशमधली मुळं सांडपाण्यातल्याइतकीच खुरटी होती.