सिरॅमिकला भोक पाडताना तीन ड्रिल गेले

वाळूजला आमचं छोटं वर्कशॉप आहे. कामं बहुतेक लोखंडाची. गेल्या उन्हाळ्यात ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साईड) सिरॅमिकच्या 10 मिमी जाड प्लेटा आल्या, प्रत्येकीत 6 मिमीचं आरपार भोक पाडायचं होतं. कार्बाईडचा, म्हणजे टंगस्टन-कार्बनच्या कडक मालाचा ड्रिल लावला. आधी किंचाळला, मग लाल झाला, टोक सपाट. असे तीन गेले. चूक माझीच: भाजलेला ॲल्युमिना जवळजवळ कार्बाईडइतकाच कडक, तो कापणार कसा?

शेजारच्या शेडमधले मामा बघत होते. म्हणाले, "कापायला कशाला जायलास? घास की त्याला."

मग हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ कोअर ड्रिल आणला. स्पिंडल 2500 आरपीएमवर, पाण्याची धार थेट भोकात, दाब अगदी हलका. दर अर्ध्या मिलिमीटरला ड्रिल वर घ्यायचा, म्हणजे भुकटी धुऊन निघते. एका भोकाला दहा-बारा मिनिटं. जीव कंटाळतो, पण पाडता येतं.

तरी खालच्या बाजूला टवके उडायचेच. ठिसूळ मालाला शेवटच्या पातळ थराखाली आधार नसला की तो फुटतो. प्लेटेखाली काचेचा तुकडा मेणानं चिकटवला आणि ड्रिल काचेत उतरेपर्यंत चालवला. टवके बंद. मेण नंतर गरम करून सोडवलं.

तोच ड्रिल पोलादावर मात्र चालवू नका. तापला की हिऱ्यातला कार्बन लोखंडात मुरतो आणि धार जाते. कडक केलेल्या पोलादाच्या टर्निंगला, म्हणजे लेथवर कापायला, सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राईड) इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारं कापायचं टोक, घ्या.