हिप-हॉपचा पोशाख जमवताना आधी साल ठरवा

मी नाचाच्या कार्यक्रमांसाठी पोशाख जमवते. "हिप-हॉपचे कपडे हवेत" म्हणत कुणी आलं, की मी आधी साल विचारते. जाड साखळी आणि उलटी टोपी सगळ्यांना सरसकट चढवली, तर कुठलाच काळ उभा राहत नाही. बुटांपासून सुरुवात करा, मग पँटचा घेर बघा. लोगो अगदी शेवटी.

ऐंशीचं दशक असेल आणि पोरं ब्रेकिंग, म्हणजे जमिनीवर गिरक्या घेत केला जाणारा नाच, करणार असतील, तर नायलॉनचा ट्रॅकसूट घ्या. जमिनीवर तो सरसर घसरतो. बुटांना रुंद लेस हवी. साधी लेस ओढून ताणा, स्टार्च लावा आणि कडक इस्त्री करा. न्यूयॉर्कची पोरं हेच करत. रन-डीएमसी हा रॅप गट उभा करायचा असेल तर मात्र आदिदास सुपरस्टारमधून लेस काढूनच टाका, बुटाची जीभ वर येऊ द्या, डोक्यावर काळी हॅट. १९८६ साली त्यांनी या बुटांवर गाणं केलं आणि पुढे कंपनीनेच त्यांच्याशी करार केला.

याच काळातला शिंपी डॅपर डॅन मला फार मोठा वाटतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १२५व्या रस्त्यावर १९८२ ते १९९२ त्याचं दुकान होतं. बड्या फॅशन कंपन्यांचे लोगो लेदरवर छापून तो रॅपर्सना जॅकेटं शिवून द्यायचा. त्या कंपन्यांना असे कपडे तेव्हा सुचलेही नव्हते. कायदेशीर कारवाईने दुकान बंद पडलं आणि २०१७ साली त्याच कंपन्यांपैकी गुच्चीने त्याच्याशीच हातमिळवणी केली! त्याच्या धाटणीचं जॅकेट करायचं तर खांदे भरदार ठेवा आणि लोगो अंगभर येऊ द्या.

नव्वदचं दशक म्हणजे ढगळपणा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला टिंबरलँडचे जाड बूट. पश्चिमेला डिकीज कंपनीची पँट आणि चक टेलर हे कापडी बूट. एकाच अंगावर दोन्ही घालू नका, जाणकाराला लगेच खटकतं. कृष्णवर्णीयांचे स्वतःचे ब्रँड याच सुमारास उभे राहिले: लॉस एंजेलिसचं क्रॉस कलर्स १९८९चं, न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचं फुबू १९९२चं. म्हणून इथे लोगो ठळक दिसलाच पाहिजे.

दोन हजारनंतर जुन्या खेळाडूंच्या जर्सी आणि वेलूरचे, म्हणजे मखमलीसारख्या कापडाचे सूट, एवढं पुरतं. २०१०नंतर पँट आवळत जाते, बूट जाड होतात.

ढगळ पँट घालून एकदा पूर्ण नाच करून बघा. पायात येत असेल तर घेर कमी करू नका. मोहरी आतून दुमडून टाका मारा आणि कंबरेला आत इलास्टिक घाला.