हरिकेन हंटर विमानांचा माग काढताय? मग या चुका टाळा

माझी मामेबहीण फ्लोरिडात, टॅम्पाला राहते. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरातल्या एका रात्री अडीच वाजता मी तिला मेसेज टाकला : "वादळ तयार झालं! विमानाला ४६ नॉटचा वारा सापडला." (नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर.) तिकडे संध्याकाळचे पाच वाजले होते. बिचारी तशीच उठून दुकानात गेली आणि पाण्याच्या बाटल्यांचे चार खोके घेऊन आली. पुढच्या बुलेटिनमध्ये त्या कमी दाबाच्या पट्ट्याला ना नाव मिळालं ना नंबर, आणि दोन दिवसांत तो विरूनही गेला. "तुझं वादळ अजून गॅरेजमध्ये पडलंय," असं ती पुढे वर्षभर ऐकवत होती.

वादळात शिरून मोजमाप करणाऱ्या या अमेरिकी 'हरिकेन हंटर' विमानांचा माग काढायचा नाद मला फार जुना आहे आणि त्यातल्या जवळपास सगळ्या चुका करून झाल्या आहेत. जून ते नोव्हेंबर हा अटलांटिकचा हंगाम. तिकडे नातेवाईक असलेले किंवा निव्वळ हौस असलेले बरेच मराठी लोक आता ही विमानं बघत बसतात. त्यांच्यासाठी हे.

दिसलं विमान की म्हणे वादळाकडे निघालं

वादळात मुद्दाम विमान घालण्याची सुरुवात २७ जुलै १९४३ला झाली. कर्नल जोसेफ डकवर्थ यांनी टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनजवळच्या वादळात एका इंजिनाचं शिकाऊ विमान नेलं. आज हे काम दोन संस्था करतात. मिसिसिपीतल्या कीसलर तळावरची हवाई दलाची ५३वी तुकडी, तिच्याकडे दहा डब्ल्यूसी-१३०जे विमानं. दुसरी 'नोआ', म्हणजे महासागर आणि हवामान बघणारी अमेरिकी सरकारी संस्था, फ्लोरिडातल्या लेकलंडहून उडणारी. तिच्याकडे 'कर्मिट' आणि 'मिस पिगी' नावाची दोन पी-३, शिवाय 'गोन्झो' हे गल्फस्ट्रीम जेट.

नकाशावर यातलं काहीही दिसलं की लोक लगेच स्क्रीनशॉट टाकतात. आधी उंची बघा. गोन्झो ४० हजार फुटांच्या वर उडतं. ते वादळाच्या डोळ्यात शिरत नाही, आजूबाजूच्या हवेत उपकरणं सोडत फिरतं, कारण ती माहिती संगणकी मॉडेलना हवी असते. "विमान केंद्र टाळतंय, म्हणजे वादळ भयानक असणार" हा निष्कर्ष मी स्वतः वाचलेला आहे. जे विमान कच्च्या, अजून न जमलेल्या वादळात जातं, ते ५०० ते १,५०० फुटांवर असतं. उष्णकटिबंधीय वादळ झालं की साधारण पाच हजार फूट, त्याहून जोरदार, म्हणजे हरिकेन झालं की दहा हजार.

नंतर मोहिमेचा क्रमांक बघा, तो वेळापत्रकात आणि विमानाच्या नोंदींत असतो. पहिले दोन आकडे म्हणजे त्या वादळातली कितवी फेरी, पुढचे दोन म्हणजे हंगामातलं कितवं वादळ. वादळाला अजून नंबरच नसेल तर तिथे 'एए', 'बीबी' अशी जोडअक्षरं असतात. 'डब्ल्यूएक्स डब्ल्यूएक्स' दिसलं तर ते बहुधा सरावाचं किंवा भलत्याच कामाचं उड्डाण, पाण्याचे खोके आणू नयेत.

क्रमांकाच्या शेवटचं 'ए' हे आपल्या लोकांसाठी खास सापळा आहे. इथे ते अटलांटिकचं आहे. पण संशयित प्रणालींना, म्हणजे पुढे वादळ होऊ शकेल अशा ढगांच्या समूहांना, ९० ते ९९ मधले जे नंबर देतात, त्यात '९३ए' मधलं 'ए' असतं अरबी समुद्राचं! तिथे अटलांटिकला 'एल' लावतात. दोन याद्या, एकच अक्षर, अर्थ दोन महासागरांचे. यावरून "अमेरिकेचं विमान अरबी समुद्रात" अशी बातमी एकदा आमच्या ग्रुपवर फिरली होती. फिरवणाऱ्यात मीही होतो.

वेळापत्रकात चुकीची ओळ वाचणं

दुसऱ्या दिवशी कोणतं विमान कुठे जाणार, याचं वेळापत्रक मायामीतून रोज निघतं, आपल्याकडच्या मध्यरात्रीच्या सुमारास. ते लागू होतं ११०० यूटीसीपासून (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) पुढचे चोवीस तास. म्हणजे आपल्या दुपारी साडेचारपासून दुसऱ्या दिवशीच्या साडेचारपर्यंत. ५ तास ३० मिनिटं मिळवायला विसरलात तर तारीखच चुकते.

त्या कागदावर 'ए' ओळीत असते ती केंद्रावर पोहोचण्याची वेळ. निघण्याची वेळ 'सी' ओळीत. बहुतेक जण पहिलीच ओळ वाचतात आणि मग "विमान उडालं कधी, दिसलं कसं नाही?" म्हणून डोकं खाजवतात. ते उडून तीन-चार तास झालेले असतात. पुढच्या दिवसाच्या अंदाजात 'शक्य' हा शब्द असेल तर त्याचा अर्थ खरोखरच 'शक्य' एवढाच घ्यावा. कच्च्या वादळातल्या फेऱ्या सर्रास रद्द होतात. सकाळच्या उपग्रह चित्रात ढगांचा गोळा विस्कटलेला दिसला की विमान उडतच नाही, आणि ते रद्द केल्याची ओळ कागदाच्या तळाशी शेऱ्यांत असते. आपण तळापर्यंत वाचत नाही.

ठिपका थांबला, म्हणजे काहीतरी अघटित

फ्लाइटरडारसारख्या नकाशांना जमिनीवरचे रिसीव्हर माहिती पुरवतात. किनाऱ्यापासून लांब गेलं की संकेत तुटतो आणि ठिपका समुद्रात गोठतो. विमान नीट असतं. अटलांटिकच्या हरिकेनमध्ये हरवलेलं शोधविमान आजवर एकच आहे : 'स्नोक्लाऊड फाइव्ह', सप्टेंबर १९५५, जॅनेट वादळ, अकरा माणसं. ठिपका गायब झाला तर नकाशा सोडा आणि विमानाने पाठवलेल्या नोंदी उघडा. दर ३० सेकंदांची एक ओळ, अशा वीस ओळींचा गठ्ठा दर दहा मिनिटांनी येतो. कधी उपग्रहाची जोडणी अडते आणि दोन-तीन गठ्ठे एकदम येतात. अर्धा तास धीर धरावा.

आकडे आहेत तसे वाचणं

ट्रॉपिकल टिडबिट्ससारखी संकेतस्थळं या ओळी उलगडून नकाशावर मांडतात. पण ज्याला मूळ ओळ वाचायची खुमखुमी आहे, त्याने तीन ठिकाणी जपावं.

जागा अंश आणि मिनिटांत असते. '२५३०' म्हणजे २५ अंश ३० मिनिटं, अर्थात २५.५. मी कित्येक दिवस ते २५.३० धरून कागदावर केंद्र आखत होतो आणि ते दरवेळी अधिकृत केंद्राच्या दक्षिणेला वीस-बावीस किलोमीटरवर पडायचं. गंमत म्हणजे केंद्र सापडल्यावर जो वेगळा संदेश येतो, त्यात दशांशच असतात. त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही पद्धती समोर येतात.

दाबाच्या रकान्यात '००५२' दिसलं तर ते १००५.२ मिलिबार, आणि '९९२१' म्हणजे ९९२.१. पुढचा एक खाऊन टाकलेला असतो. हा दाब विमानाच्या उंचीवरून समुद्रसपाटीचा काढलेला हिशोब असतो. कमी उंचीवर तो बरा जमतो, दहा हजार फुटांवरून कमी भरवशाचा. खरा दाब हवा असेल तर ड्रॉपसोंडची वाट बघा. छोट्या पॅराशूटने खाली सोडलेली ती नळी पाण्याला टेकेपर्यंत मोजत जाते. तीही नेमकी केंद्रात पडेलच असं नाही. पाण्याजवळ तिला वारा लागला असेल तर दर दहा नॉटमागे साधारण एक मिलिबार वजा करायचा. १००२ मिलिबार आणि २० नॉट आलं तर केंद्रात १००० धरा.

आणि शेवटचे दोन आकडे, शेरा. '००' म्हणजे सगळं ठीक. '०३' म्हणजे समुद्रपृष्ठावरच्या वाऱ्याचा आकडा संशयास्पद. माझा टॅम्पावाला ४६ नॉट याच शेऱ्याचा होता. तो वारा विमान थेट मोजत नाही. लाटांच्या फेसातून येणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपून त्यावरून अंदाज बांधते. उथळ पाण्यात लाटा वेगळ्याच फुटतात, त्यामुळे बहामाच्या आसपासच्या उथळ पट्ट्यांवर आणि जमिनीजवळ भलतेसलते आकडे येतात. विमानाच्या उंचीवरचा वाराही खाली तेवढाच नसतो. दहा हजार फुटांवरच्या आकड्याचे साधारण ९० टक्के, पाच हजार फुटांवरच्याचे ८० टक्के समुद्रावर धरतात. पाच हजार फुटांवर ४० नॉट मिळाले, तर खाली ३२. नाव मिळायला ३४ लागतात.

वेग बघणं, दिशा न बघणं

ही चूक सगळ्यात महाग, आणि सगळ्यात जास्त लोक हीच करतात. कच्च्या वादळात विमान वारा किती आहे हे मोजायला जातं असं आपल्याला वाटतं. त्याला आधी हवं असतं दुसरंच उत्तर : वारा गोल फिरून पूर्ण बंद झालाय का?

अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यात वारा मुळातच पूर्वेकडून पश्चिमेला वाहत असतो. आफ्रिकेकडून निघालेली हवेची लाट त्यात वाहत येते. अशा लाटेच्या पुढच्या बाजूला ईशान्येचा वारा, मागच्या बाजूला आग्नेयेचा. जोर भरपूर असू शकतो, पाऊस धो धो, पण वर्तुळ अर्धंच. ते पूर्ण व्हायचं तर केंद्राच्या दक्षिणेला वारा पश्चिमेकडून यायला हवा, म्हणजे मूळ प्रवाहाच्या नेमका उलटा. लाट स्वतःच वेगाने पश्चिमेला पळत असेल तर हे आणखी अवघड.

म्हणून नोंदींत वाऱ्याचा सहा आकडी गट आला की आधी पहिले तीन वाचा, वारा कुठून येतो त्याचे उत्तरेपासून मोजलेले अंश. पुढचे तीन म्हणजे वेग. '०९००४६' म्हणजे पूर्वेकडून ४६ नॉट, त्यात नवल काही नाही. '२७०००८' म्हणजे पश्चिमेकडून जेमतेम आठ नॉट, आणि हा आकडा दिसला की मी चहा ठेवायला उठतो, कारण आता झोप नाही. विमान दक्षिणेकडे उतरत जातं तेव्हा आकडे ६०, ४०, २० असे घसरत ३५०, ३१०, २७० कडे जातात का हे बघायचं. तो वाराही एका ओळीपुरता नको. एखाद्या गडगडाटी ढगाखालून सुटलेला झोत पश्चिमेचा वारा तीस सेकंद दाखवून जातो. सलग दहा-पंधरा ओळी टिकला तर काही अर्थ.

२०२०च्या जुलैअखेरचं उदाहरण घ्या. कॅरिबियन बेटांजवळ एक प्रणाली आली. वारे वादळाला साजेसे, पण ठळक केंद्रच नाही. त्यामुळे तिला 'संभाव्य चक्रीवादळ नऊ' एवढंच म्हणत राहिले. सूचना सगळ्या निघाल्या, नाव मात्र मिळेना. समाजमाध्यमांवर "हे लोक झोपलेत का?" अशी आरडाओरड. केंद्र जमलं तेव्हा, २९ जुलैच्या रात्री, ती इसायास झाली. वारा तोवर कमी नव्हताच.

माझी बहीण आता फोनवर विचारते, "दक्षिणेला पश्चिमेचा मिळाला का?" नाही म्हटलं की फोन ठेवते.

केंद्राने उडी मारली!

कच्च्या वादळात वरचं केंद्र आणि खालचं केंद्र एकावर एक नसतात. वरच्या थरातला वारा ढगांना एका बाजूला ढकलतो आणि खालचा भोवरा उघडा पडतो. विमानाने एका फेरीत एक भोवरा गाठला, दुसऱ्या फेरीत शेजारचा, तर दोन नोंदींमधलं अंतर भागून "वादळ ताशी ६० किलोमीटरने पळतंय" असं काढू नका. कधी जुनं केंद्र मरून ढगांखाली नवं जमतं, तेव्हा तर सरळ रेषा ओढण्यात काहीच हशील नाही. निदान तीन-चार नोंदी हव्यात, आणि त्याही एकाच उंचीवरच्या.

विमान परतलं, म्हणजे शेवटचा आकडा कायम

एक फेरी साधारण दहा-अकरा तासांची, त्यातला मोठा वाटा जाण्यायेण्यात. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात वादळ थांबत नाही. २३ ऑक्टोबर २०१५ला मेक्सिकोजवळच्या पॅट्रिशियात विमानाने ८७९ मिलिबार मोजले. पण ते शिगेला पोहोचलं विमान नसताना, आणि नंतरच्या अभ्यासात तो दाब ८७२ धरला गेला. २०२३च्या ओटिसमध्ये उलट अंगाने धडा मिळाला. २४ ऑक्टोबरच्या दुपारी विमान पोहोचेपर्यंत उपग्रहावरचे अंदाज बरेच मागे पडले होते, आणि मध्यरात्रीनंतर ते अकापुल्कोजवळ पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं होऊन धडकलं.

अरबी समुद्रावर विमान शोधणं

निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी, जून २०२०मध्ये, मला चार जणांनी विचारलं, "आपलं विमान कधी जाणार?" जात नाही. भारताकडे वादळात शिरणारी अशी नेहमीची सेवा नाही. पश्चिम पॅसिफिकमध्येही अमेरिकेने १९८७मध्ये नियमित फेऱ्या बंद केल्या. १९७९च्या मोनेक्स या मोसमी पावसाच्या मोहिमेत अमेरिकी संशोधन विमानं मुंबईत मुक्कामाला होती आणि अरबी समुद्रावर फिरली होती, पण ती एका हंगामापुरती. आपलं हवामान खातं तीव्रता मुख्यतः उपग्रह चित्रातल्या ढगांच्या ठेवणीवरून ठरवतं. किनाऱ्याजवळ आल्यावर मुंबई-गोव्याचे रडार मदतीला येतात.

तेव्हा अरबी समुद्रातल्या वादळासाठी अमेरिकी संकेतस्थळावरचा वाऱ्याचा आकडा दिसला तर तो विमानाचा नाही, तोही अंदाजच. वर तो एका मिनिटाच्या सरासरीचा असतो आणि आपल्या खात्याचा तीन मिनिटांच्या. त्यामुळे अमेरिकी आकडा बहुधा मोठा दिसतो आणि "खातं लपवतंय" अशी कुजबुज सुरू होते. शिवाय दिशेची वरची युक्ती इथे जशीच्या तशी लावू नका. जूनमध्ये आपल्या समुद्रावर पश्चिमेचा वारा मोसमी पावसाबरोबर आधीच आलेला असतो. इथे वर्तुळ बंद झालंय का हे बघायचं तर केंद्राच्या उत्तरेला पूर्वेचा वारा शोधावा लागतो.