बेळगावात प्लॉट घेण्याआधी नाला कुठे आहे ते बघा

माझं काम घरांचे नकाशे काढायचं. टिळकवाडीत लहानसं ऑफिस आहे. सासर वडगावचं आणि सासरची भातशेती बळ्ळारी नाल्याच्या शिवारात. म्हणजे ज्यांच्या घरांसाठी मी दिवसभर रेघा मारते, त्यांच्याच वसाहतींनी अडवलेलं पाणी जुलैत आमच्या रोपांवर उभं असतं. दोन्ही बाजू घरातल्याच असल्यामुळे मला कुणा एकाला शिव्या घालून मोकळं होता येत नाही. बेळगाव परिसरात तीस बाय चाळीसचा एखादा प्लॉट घ्यायचा आहे आणि हातात पैसे मोजकेच आहेत, अशांसाठी हे लिहितेय.

आधी वहीवर हिशेब मांडा

स्वस्त प्लॉट स्वस्त का असतो? एका एकरात ४३,५६० चौरस फूट. बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) रीतसर मंजुरी घेऊन लेआउट पाडायचा तर पुरेसे रुंद रस्ते, गटारं, बाग, सार्वजनिक वापराची जागा हे सगळं सोडावं लागतं. विकायला निम्म्याहून थोडी जास्त जमीन उरते. २४,००० चौरस फूट धरू. तीस बाय चाळीसचे वीस प्लॉट झाले. तोच एकर मंजुरीविना पाडला, पंधरा फुटी बोळ ठेवले, बाग कागदावरही नाही, तर अठ्ठावीस प्लॉट सहज बसतात.

जमीन समजा एक कोटीला पडली. वीस प्लॉट असतील तर नुसत्या जमिनीचे प्रत्येकी पाच लाख, अठ्ठावीस असतील तर साडेतीन लाखांच्या आसपास. हा जो दीड लाखाचा फरक, त्याला एजंट ‘ऑफर’ म्हणतो. प्रत्यक्षात ते आठ जादा प्लॉट गटाराच्या, बागेच्या आणि पावसाचं पाणी वाहून जायच्या जागेवर पडलेले असतात. त्या जागेचे पैसे तुम्ही वाचवले नाहीत, फक्त पुढे ढकलले. काही भाग तुम्हीच भरणार, मुरूम टाकून आणि पंप लावून. उरलेला भाग खालच्या अंगाचा शेतकरी भरतो, ज्याला या व्यवहारातला एक रुपयाही मिळालेला नसतो.

शहराची गोष्टही यापेक्षा फार वेगळी नाही. नियम कडक केले की घर महाग होतं, ही बिल्डरांची ओरड अगदीच खोटी नाही. बंगळूरला २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादानं तलावांभोवती ७५ मीटर मोकळी जागा ठेवा असं सांगितलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि मार्च २०१९ मध्ये तो भाग रद्द झाला. मास्टर प्लॅनमध्ये आधीपासून असलेलं ३० मीटरचं अंतर पुन्हा लागू झालं. माझ्या दृष्टीनं यातली कामाची गोष्ट अशी की शेवटी मास्टर प्लॅनमध्ये जे छापलेलं असतं तेच टिकतं. म्हणून बेळगावच्या आराखड्याचा मसुदा जाहीर होतो तेव्हा आपल्या भागातला नाला त्यात काढलाय का, किती रुंद दाखवलाय, हे बघून मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मुदत संपल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा त्या एका कागदाचा उपयोग जास्त होतो.

कागद बघायचे ते असे

उतारा ‘भूमी’वर, म्हणजे कर्नाटक सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर मिळतो, पण तो कन्नडमध्ये असतो. इथेच आपल्याकडचे पुष्कळ लोक कागद एजंटच्या हातात देतात आणि मान हलवतात. असं करू नका. घरात कन्नड शाळेत जाणारी पोरं असतातच, त्यांना शेजारी बसवा. मालकाचं नाव आणि क्षेत्र तर बघायचंच, पण खरी नजर खराबाच्या रकान्यावर ठेवा. अ खराब म्हणजे पिकाला निकामी अशी जमीन. ब खराब म्हणजे नाला, रस्ता, तलाव अशा सार्वजनिक वापराची. ब खराब कुणाला विकता येत नाही. उताऱ्यावर चार गुंठे ब खराब आहे आणि जागेवर मात्र सगळं सपाट करून चुन्याच्या रेघा मारलेल्या, असं दिसलं तर ते चार गुंठे कुणाच्या तरी प्लॉटात गेलेत. तुमच्याही असू शकतात.

त्यानंतर गावनकाशा. महसूल खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो. त्यात सर्व्हे नंबरांमधून जाणारे ओढे स्पष्ट काढलेले असतात. ‘हळ्ळ’ म्हणजे ओढा आणि ‘केरे’ म्हणजे तलाव, एवढे दोन शब्द ओळखता आले तरी निम्मं काम झालं. मोबाइलवर ‘दिशांक’ ॲप घ्या, प्लॉटवर उभं राहून ते उघडा. तुम्ही कुठल्या सर्व्हे नंबरात आहात ते दिसतं. दाखवलेला प्लॉट आणि कागदावरचा नंबर वेगळे निघाल्याचे प्रकार आमच्या ऑफिसात नवे नाहीत.

एन.ए. झालंय म्हणजे सगळं झालं, असं समजू नका. जमीन बिनशेती करण्याचा आदेश वेगळा आणि लेआउटची मंजुरी वेगळी. दोन्ही लागतात. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या विक्रीच्या प्रकल्पाला रेराची, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची नोंदणी लागते, ती रेराच्या संकेतस्थळावर नाव घालून तपासता येते. ई.सी., म्हणजे त्या जमिनीवर नोंदलेले व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला, निदान तीस वर्षांचा काढा. शंभराच्या बाँडवर लिहून दिलेला प्लॉट म्हणजे तुमच्या नावावर झालेली जमीन नव्हे, मग मधला माणूस कितीही ओळखीचा असो. बी खात्याचंही (मंजुरी नसलेल्या मिळकतींची पालिकेतली नोंद) तेच. ती घरपट्टी घेण्यासाठी असते, त्यानं बेकायदा लेआउट कायदेशीर होत नाही.

आणखी एक बोलणं हल्ली कानावर येतं: ‘आता शेतजमीन कुणीही घेऊ शकतो, शेती म्हणूनच घेऊन टाका.’ २०२०च्या दुरुस्तीनं बिगरशेतकऱ्याला कर्नाटकात शेतजमीन घेता येते, हे खरं. पण त्यावर घर बांधायला बिनशेती परवानगी लागतेच. त्या दुरुस्तीनंतर शिवारातले भाव कुठे गेले हे वडगाव-येळ्ळूरच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. बेळगावी बासमती पिकवणारी जमीन आता पिकावर मोजत नाहीत, रस्त्यापासून किती फूट आत आहे यावर मोजतात.

प्लॉट पावसाळ्यातच बघा

एजंट तुम्हाला फेब्रुवारीत नेईल. तेव्हा सगळ्याच जागा छान दिसतात. तुम्ही आगोट झाल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, चांगला दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला की जा. एकटं जा, एजंट नको.

शेजारच्या घराच्या भिंतीवर ओलीची रेघ किती उंचीवर आहे ते बघा. नवा रंग फक्त खालच्या तीन फुटांनाच दिलेला असेल तर कारण उघड आहे. जवळच्या विहिरीत डोकवा. पावसाळ्यात पाणी काठापासून हातभर खाली असेल तर तुमचा पाया पाण्यातच बसणार, आणि सेप्टिक टाकीही. रस्ता प्लॉटपेक्षा उंच आहे की खाली? रस्त्याखालचे पाइप उघडे आहेत की मातीनं बुजलेत? आणि आजूबाजूला भात लावलेला असेल तर ती जागा पाणी धरून ठेवणारी आहे, यापेक्षा मोठा दाखला कुठल्याच ऑफिसात मिळणार नाही.

मग शेजारच्या शेतातल्या माणसाशी बोला. गाडीतून काच खाली करून नव्हे. बांधावर जा, आधी पिकाचं विचारा.

‘आप्पा, पावसात पाणी कुठवर येतंय ओ?’

‘हे बांध बुडतंय की ओ दरसालला. नाल्यातलं गाळ कोण काढतंय?’

एवढं पुरतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे मात्र आवर्जून विचारा. त्या पुराची खूण बेळगावात कुणी विसरलेलं नाही. नाल्याकाठची माणसं तुम्हाला झाड किंवा खांब बोटानं दाखवतील. ती उंची वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

बळ्ळारी नाल्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण शहराच्या दक्षिण-पूर्व भागातलं पाणी त्याच्यावरच आहे. अनगोळ, वडगाव, शहापूर शिवारातून तो जातो आणि पुणे-बंगळूर महामार्गाखालून पूर्वेला निघतो. गाळ, जलपर्णी आणि शहराचं सांडपाणी यांनी तो अर्धा भरलेला असतो. आमचे मामा, म्हणजे सासरे, सांगतात की पूर्वी पूर आला तरी दोन दिवसांत ओसरायचा आणि गाळ खतासारखा मागे राहायचा. आता पाणी आठवडाभर हलत नाही आणि मागे राहतं ते प्लास्टिक. लावणी कुजते, दुबार रोप टाकावं लागतं.

भर घालण्याचा खर्च

सखल प्लॉट घेतलाच असेल तर लोकांचं पहिलं उत्तर ठरलेलं: भर घाला. हिशेब करू. बाराशे चौरस फुटांवर तीन फूट भर म्हणजे ३,६०० घनफूट, म्हणजे ३६ ब्रास. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून वर आणखी सहा-सात ब्रास धरा. टिपरात दोन-तीन ब्रास येतात, म्हणजे पंधरा-वीस खेपा. आजचा दर विचारून गुणाकार करा. चारी बाजूंनी माती धरून ठेवणारी भिंत त्यात मिळवा. तो मघाचा दीड लाख कुठे चालला ते कळेल. मुरूम कुठल्या तरी टेकडीचा कापलेला असतो, ते वेगळंच. आणि तुम्ही तीन फूट चढलात की शेजारी चार फूट चढतो.

माझा सल्ला असा: सगळा प्लॉट भरू नका. फक्त घराखालचा भाग भरा आणि पुराच्या त्या खुणेपेक्षा दीड फूट वर जोतं घ्या. नियमानं चारी बाजूंना जी मोकळी जागा सोडायची, ती मूळच्याच पातळीवर ठेवा, म्हणजे पाणी बाजूनं निघून जाईल. फाटकापाशी गटारावर स्लॅब टाकताना खाली मोठ्या व्यासाचा पाइप घाला. चार इंची पाइप टाकून वर सुबक रांगोळीची फरशी बसवलेली घरं मी दर गल्लीत बघते, आणि पावसाळ्यात त्याच गल्लीत गुडघाभर पाणी.

कंपाउंडच्या आत सगळीकडे पेव्हर बसवायचा मोह आवरा. गाडीच्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या पुरतात.

बांधताना

विटा म्हणजे शेताची वरची माती. आपल्या भागात सुगी झाल्यावर भाताच्या शेतातच भट्ट्या लागतात आणि तेच शेत पुढच्या वर्षी हातभर खाली गेलेलं असतं. आतल्या भिंतींना सिमेंटचे नाहीतर ए.ए.सी. (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक वापरा. ब्लॉक मोठे, म्हणून मसाला कमी लागतो आणि काम लवकर उरकतं. नदीच्या वाळूचा हट्ट सोडा, चांगल्या क्रशरची एम-सँड (दगड दळून केलेली वाळू) काँक्रीटला उत्तम चालते. गच्चीवरच्या खोलीला स्लॅबऐवजी खानापुरी कौलं घातलीत तर खर्चही वाचतो आणि एप्रिलमध्ये खोली बसण्यासारखी राहते.

सेप्टिक टाकीबद्दल मात्र हात आखडता घेऊ नका. शोषखड्डा आणि विहीर यांत किमान पन्नास-साठ फूट अंतर हवं. तीस बाय चाळीसच्या प्लॉटात हे अंतर बसतच नाही. तुमचा खड्डा शेजाऱ्याच्या विहिरीजवळ, त्याचा तुमच्या बोअरजवळ. म्हणून ड्रेनेज जोडलेला प्लॉट थोडा महाग असला तरी तोच घ्या, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. रंग, टाइल्स, पीओपी नंतर करता येतं. ड्रेनेज नंतर येईल, हे वाक्य मी निवडणुकीच्या आधीच ऐकत आले आहे.

पावसाच्या पाण्याचा हिशेब तर इतका आपल्या बाजूचा आहे की आळस सोडून दुसरं कारण सापडत नाही. वर्षाला बाराशे मिलिमीटर पाऊस धरला तर हजार चौरस फुटांच्या गच्चीवर साधारण १ लाख ११ हजार लिटर पाणी पडतं. वाया जाणारं सोडून नव्वद हजार लिटर हाती लागतं. पाच माणसांच्या घराला चार महिन्यांहून जास्त पुरेल एवढं. एवढी टाकी कुणी बांधत नाही, बांधूही नका. पाच हजार लिटरची एक टाकी वापरायला ठेवा आणि बाकीचं पाणी खडी, कोळसा, वाळूच्या गाळणीतून विहिरीत किंवा बोअरजवळच्या खड्ड्यात सोडा. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्या. प्लॉटात जुनी विहीर असेल तर देवाशपथ बुजवू नका. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४च्या अधिवेशनासाठी खोदलेली, आणि १९९५च्या टंचाईत शहरानं अशाच जुन्या विहिरी पुन्हा उपसायला घेतल्या होत्या.

ठेकेदाराशी करार करताना यातलं सगळं लिहून घ्या: जोत्याची उंची, पाइपाचा व्यास, गाळणीचं माप. तोंडी बोललेलं स्लॅबच्या दिवशी कुणालाच आठवत नाही. आणि राडारोडा कुठे टाकायचा ती जागाही करारात घाला. ट्रॅक्टरवाला संध्याकाळी विचारतोच, ‘ताई, नाल्याकडंला टाकू?’ शेवटचा हप्ता ती जागा स्वतः बघून आल्यावरच द्या.