उघड्या मुळांची फुलझाडं: पहिला उन्हाळा कुंडीतच काढा

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की रोपवाटिकेतून, हल्ली पार्सलनेही, माती झाडलेल्या मुळांची फुलझाडं घरी येतात. गुलाबाची कलमं, जरबेराचे फुटवे, डे-लिलीचे गड्डे. वर्षानुवर्षं टिकणारी झाडं म्हणून ती सरळ अंगणातल्या काळ्या जमिनीत लावली जातात. विदर्भात हे टाळाच. झाड जेमतेम रुजतं न रुजतं तोच पारा ४४-४५ अंशांवर जातो, जमीन भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात. कुंडी उचलून सावलीत नेता येते, वाफा नेता येत नाही.

पार्सल आल्या दिवशीच उघडा. मूळ नखानं हलकंच खरवडून पाहा: आत पांढरट, ओलसर दिसलं तर ते जिवंत आहे. काळी, बुळबुळीत मुळं चांगल्या भागापर्यंत छाटून टाका. गुलाबाची मुळं दोन-तीन तास पाण्यात ठेवा, रात्रभर नको. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणी खारट असतं तिथं, यासाठी बोअरचं पाणी वापरू नका. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या.

कुंडीत निव्वळ काळी माती कधीच भरू नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की कुंडीच्या कडा सोडते आणि दिलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. माती, रेती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत समप्रमाणात घ्या, वर मूठभर निंबोळी ढेप. भंडारा-गोंदियाकडे धानाचं तूस सहज मिळतं, तेही थोडं मिसळा. कच्चं शेण घातलं तर उधळी (वाळवी) आलीच म्हणून समजा.

कुंडीत मधोमध मातीचा उंचवटा करून त्यावर मुळं चहूबाजूंनी पसरा. कोंबून गुंडाळू नका. गुलाबाचा डोळा भरलेली गाठ, म्हणजे कलम जोडल्याची जागा, मातीच्या दोन बोटं वर राहू द्या. जरबेराचा गाभा मातीत गेला की सडतो, म्हणून तोही वरच हवा. भरपूर पाणी देऊन माती बसवा. पुढचं पाणी वरची बोटभर माती कोरडी लागल्यावरच.

खरी गडबड यानंतर होते. गुलाबाला दोन-तीन आठवड्यांत लालसर कोंब फुटतात आणि झाड लागलं असं वाटून युरिया दिला जातो. हे कोंब खोडात साठलेल्या अन्नावर येतात. खाली मुळं अजून तयार नसतात. तेव्हा कुंडी ओसरीत, सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी ठेवा. खत महिना-दीड महिना नको. पहिल्या कळ्या जीव कितीही तुटला तरी खुडा. गाठीखालून येणारी फूट जंगली असते, ती मुळाशी ओढून काढा.

मार्चपासून कुंड्या कडुलिंबाखाली किंवा ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली हलवा. सिमेंटच्या स्लॅबवर किंवा टिनाच्या भिंतीला लागून ठेवू नका, मुळं शिजतात. मातीवर तुरीचा भुसा किंवा वाळका पालापाचोळा घाला आणि पाणी सकाळी लवकर द्या.

मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर, कुंडीच्या भोकातून मुळं डोकावत असतील तरच जमिनीत लावा. तेही सपाट नको, अर्धा फूट उंच गादीवाफ्यावर. जुलैच्या झडीत काळ्या जमिनीत पाणी साचून राहतं.